चंद्रभागेचा चीक

मालनबाई पोकळ्यांच्या हाताला यश आहे, ही गोष्ट एके काळी पुण्याजवळच्या धायरीत पत्ता सांगताना वापरली जायची. अडलेली म्हैस, आडवं आलेलं रेडकू, पान्हा चोरणारी गाय, काहीही असलं की लोक ढोरांच्या डॉक्टरआधी त्यांच्या दारात हजर. त्यांचे यजमान पोपटराव तर सांगत, की गावातल्या म्हशी हिची वाट बघून व्यायच्या. पोपटरावांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, पण उरलेलं निम्मंही काही कमी नव्हतं. मालनबाईंचा नियम एकच होता. जन्मलेल्या जीवाच्या पोटात पहिल्या घटकेला आईचा चीक गेला पाहिजे. पहिल्या दिवसाचं ते दाट, पिवळं, बोटाला चिकटणारं दूध एकदा पोटात गेलं, की यमाने दुसरं घर बघावं.

पुढे गोठा गेला आणि गोठ्याच्या जागी चार इमारती आल्या. सोसायटीच्या इंग्रजी नावात हिरवळ आहे. ती तेवढी नावातच आहे. पोकळ्यांना तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, त्यात पोपटराव, मालनबाई, मुलगा अभय आणि सून रुपाली राहू लागले. शेवटची म्हैस चंद्रभागा विकल्यावर मालनबाई महिनाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. मग एक दिवस कपाळावर पांढरा टिळा असलेली काळी मांजर गॅलरीच्या कठड्यावरून घरात शिरली, ती थेट त्यांच्या मांडीवर येऊन बसली. मालनबाईंनी तिचं नाव चंद्रभागा ठेवलं.

"अहो, नदीचं नाव मांजरीला?" समोरच्या कौशल्याबाईंनी विचारलं.

"म्हशीला चाललं, तर हिला का न्हाय?" मालनबाई म्हणाल्या. विषय संपला.

गेल्या दिवाळीत चंद्रभागेने चार पिल्लं घातली. चांगली गुबगुबीत, अंगाने भरलेली. मालनबाईंनी पदर खोचला आणि जन्मभर केलं तेच केलं. एकेक पिल्लू हातात घेऊन पहिल्या घटकेला आईच्या सडाला लावलं. दुसऱ्या दिवशी पिल्लं मलूल झाली, त्यांची शू कोकमाच्या पाण्यासारखी लाल दिसू लागली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चारही गेली. होळीच्या सुमाराला पुन्हा तीन झाली. या खेपेला त्यांनी आणखी काळजी घेतली, चंद्रभागेने पिल्लांना चाटून कोरडं करण्याआधीच त्यांच्या तोंडात चीक गेला. ती तिघंही तिसऱ्या दिवशी गेली.

मांजरीची पिल्लं जातात, त्यात एवढं काय, असं सगळे म्हणाले. मालनबाईंना मात्र आतून धसकाच बसला. त्याच होळीत रुपालीला दिवस गेल्याचं कळलं होतं. रुपाली परभणीची, आयटीतली, बोलायला चटपटीत. तिचा डॉक्टर पुण्यातला, म्हणून बाळंतपण इथेच करायचं ठरलं होतं आणि मालनबाई आनंदाने वेड्या व्हायच्या बाकी होत्या. बाळाची पहिली आंघोळ मीच घालणार, असं त्यांनी अख्ख्या मजल्याला सांगून ठेवलं होतं. आणि आता आपल्या हातांकडे बघितलं की त्यांना ती सात पिल्लं दिसायची. हाताचं यश गेलं, नुसतं गेलंच नाही तर उलटलं, असं त्यांच्या मनाने घेतलं. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. म्हणून एक दिवस चहा गाळता गाळता त्यांनी जाहीर केलं, "पहिलं बाळंतपण माहेरीच व्हाया पायजे. रीत हाय ती."

रीत खरोखरच होती, त्यामुळे कुणाला वादही घालता येईना. रुपालीने अभयकडे पाहिलं, अभयने मोबाइलकडे पाहिलं. त्या दिवसापासून मालनबाई सुनेच्या अंगाला बोट लावीनात. ताट पुढे करायच्या ते ओट्यावरूनच. रुपालीला वाटलं, आपण या घरात नकोशा झालो. आठवा महिना लागला तेव्हा तिने मुकाट्याने पुढच्या रविवारचं परभणीचं तिकीट काढलं.

त्याच सुमाराला सोसायटीने भटक्या मांजरांच्या नसबंदीचा ठराव केला. ठराव व्हायला ग्रुपवर एकशे चाळीस मेसेज लागले, त्यातले शंभर पार्किंगबद्दल होते. कोथरूडच्या दवाखान्यातून डॉक्टर मैत्री गजभिये आल्या. वय तिशीच्या आत, मूळच्या भंडाऱ्याच्या, हातावर ओरखडे इतके की त्यावरूनच व्यवसाय कळावा. त्यांनी चंद्रभागेचं पोट चाचपलं आणि मान हलवली.

"हिचं ऑपरेशन आता नाही, काकू. ही चार दिवसांत व्यायची. चार पिल्लं तरी आहेत."

"असूं द्या," मालनबाई दुसरीकडे बघत म्हणाल्या. "ऱ्हात न्हाईत तिची."

"राहत नाहीत म्हणजे?"

मग रुपालीनेच सगळं सांगितलं. पिल्लं जन्मतात धडधाकट, दूध पितात, आणि मग लाल शू. हे ऐकल्यावर डॉक्टरबाईंनी आवरायला घेतलेली पेटी पुन्हा उघडली. चंद्रभागेच्या पायातून थेंबभर रक्त काढलं, एका पुठ्ठ्याच्या कार्डावरच्या दोन गोलांत टाकलं आणि कार्ड हळूहळू कलतं करत राहिल्या. पहिल्या गोलातलं रक्त तसंच राहिलं. दुसऱ्यातलं बघता बघता फुटलं, दाणे दाणे झालं.

"दूध नासल्यावानी," मालनबाई वाकून म्हणाल्या. नको नको म्हणताना त्यांचं लक्ष गेलंच होतं.

"अगदी तसंच. म्हणजे हिचा रक्तगट बी. मांजरांनाही रक्तगट असतात, काकू. बहुतेकांचा ए, थोड्यांचा बी. पिल्लाला एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. दोन वेगळे वाटे एकत्र आले, तर ए चं चालतं, बी गप्प बसतो."

"आमच्या घरात तसंच हाय," पोपटराव म्हणाले.

डॉक्टरबाई हसल्या. "आता बी गटाच्या मांजरीच्या अंगात ए रक्ताविरुद्ध पहारेकरी आपोआप तयार होतात, ती लहान असतानाच. ए रक्त दिसलं की फोडायचं, एवढंच त्यांना कळतं. एरवी काही बिघडत नाही, तिच्या अंगात ए रक्त येणार कुठून? पण ती व्याली, की ते पहारेकरी चिकात उतरतात."

"चिकात?" मालनबाईंचा आवाज एकदम बदलला.

"चिकाचं कामच ते आहे ना. आईची रोगाशी लढायची ताकद पिल्लाला द्यायची. पहिला दिवसभर पिल्लाच्या आतड्याचं दार उघडं असतं, चिकातलं थेट रक्तात जातं. आता बाप ए असला, तर पिल्लूही बहुधा ए. मग आईने पाठवलेले पहारेकरी पिल्लाचंच रक्त फोडतात. ते फुटलेलं रक्त शूतून बाहेर येतं."

"म्हणजे आपला वॉचमन," रुपाली म्हणाली. "चोराला सलाम ठोकतो आणि मला रोज विचारतो, कुठल्या फ्लॅटमध्ये जायचंय?" मग तिलाच काहीतरी आठवलं. "आई, मला मागच्या महिन्यात इंजेक्शन दिलं बघा, माझं रक्त निगेटिव्ह आणि अभयचं पॉझिटिव्ह म्हणून. माझ्या रक्ताने बाळाच्या रक्ताशी वैर धरू नये म्हणून. त्याच जातीची भानगड आहे ही."

"मग तुझं दूध..." मालनबाई घाबरून उठल्याच.

"माणसात तसं होत नाही हो," डॉक्टरबाई घाईघाईने म्हणाल्या. "माणसाच्या बाळाने खुशाल प्यावं, पहिल्या तासात प्यावं. ही गोष्ट फक्त हिची आहे."

मालनबाई पुन्हा खाली बसल्या. कार्ड उचलून त्यांनी ते दाणे जवळून बघितले. सात पिल्लं. कुणाची नजर नाही, कुणाची करणी नाही. "म्हंजे म्याच पाजलं," त्या म्हणाल्या. "सोता धरून, एकेकाला."

"तुम्ही नसतं धरलं, तरी तासाभरात ती स्वतः प्यायली असती, काकू. आंधळी असली तरी त्यांना ते बरोब्बर सापडतं. तुम्ही उगाच मनाला लावून घेऊन राहिल्या."

हे खरं होतं, पण खऱ्याने नेहमीच समाधान होतं असं नाही. मालनबाईंना ते पटलं, पचलं मात्र नाही.

बाप कोण, हा प्रश्न उरला होता. ते चंद्रभागेलाच ठाऊक आणि तिलाही खात्रीने असेल असं नाही; पण सोसायटीत बोका म्हणावा असा एकच होता, फाटक्या कानाचा बजरंग. सगळे त्याला खायला घालत आणि तो कुणालाच ओळख दाखवत नसे. पोपटरावांनी सुक्या बोंबलाची लालूच दाखवून त्याला पकडलं. त्या झटापटीत त्यांचा सदरा फाटला, दोन्ही मनगटं सोलवटली आणि थेंबभर रक्त बजरंगाचं निघालं, बाकीचं पोपटरावांचं. कार्डावर बजरंग ए निघाला.

"आता नीट ऐका," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पिल्लं झाली की आईला चाटू द्यायचं, तिथंच लक्ष ठेवून. मग लगेच वेगळी करायची. चोवीस तास आईच्या दुधाचा थेंब नाही. मी पिल्लांच्या दुधाची पावडर देते, दर दोन तासांनी ड्रॉपरने पाजायची. ओल्या कोमट कापसाने पुसून शू करवायची. चोवीस तासांनी आतड्याचं ते दार बंद होतं, मग खुशाल आईकडे द्या. पण चोवीस म्हणजे चोवीस. तेविसाव्या तासाला दया येऊ द्यायची नाही. आणि ही तिची शेवटची खेप, नंतर ऑपरेशन."

"हे सूनबाईला सांगा," मालनबाई म्हणाल्या. "म्या न्हाय हात लावणार."

पण चंद्रभागा व्याली ती गुरुवारी सकाळी साडेसातला, अभय डबा शोधत असताना, आणि ती मालनबाईंशिवाय कुणाला जवळ येऊ देईना. रुपालीने हात पुढे केला तर फिस्कारली. शेवटी मालनबाईच बसल्या. पहिलं पिल्लू आलं, आईने चाटलं, आणि मालनबाईंचा हात सवयीने त्याला उचलून सडाकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्यांनी आपलाच हात दुसऱ्या हाताने धरला. पिल्लू गरम पाण्याच्या पिशवीवर अंथरलेल्या टोपलीत गेलं. तसंच दुसरं, तिसरं, चौथं. चौथं साडेनऊला आलं, ते राखाडी रंगाचं होतं, इतरांच्या निम्म्याने.

मग चंद्रभागेला आतल्या खोलीत कोंडलं. तिने जो आक्रोश मांडला तो तिन्ही जिन्यांत ऐकू गेला असावा. कौशल्याबाई दारात येऊन म्हणाल्या, "आईपासून लेकरं तोडता? पाप लागेल हो."

"चोवीस तासांचंच पाप हाय, वैनी," पोपटराव म्हणाले. "उद्या सकाळी फिटतंय."

मालनबाई बंद दाराला पाठ लावून बसल्या. पलीकडून नखांचा आवाज येत होता. "दे श्या," त्या दाराला म्हणाल्या. "मन भरून दे, चंद्रे. पर पाजू न्हाय देणार."

दुपारपर्यंत तीन पिल्लांनी ड्रॉपरला चांगलं तोंड लावलं. राखाडी पिल्लाच्या तोंडातून मात्र दूध ओघळून जात होतं. चारच्या सुमाराला मालनबाईंनी त्याला उचललं, तर ते तळव्यावर ओल्या फडक्यासारखं पडून राहिलं. अंग गार, तोंड मिटलेलं. रुपालीने डॉक्टरबाईंना फोन लावला. त्या कात्रजला ऑपरेशन करत होत्या, फोन वाजून वाजून बंद झाला.

मालनबाई पिल्लू घेऊन उठल्या आणि दाराशी गेल्या. पन्नास वर्षं त्यांना एकच गोष्ट माहीत होती: मरायला टेकलेल्या जीवाला आईचं दूध द्यायचं. दाराच्या आत ते दूध होतं, त्या दुधाची मालकीण टाहो फोडत होती. एकच घोट. एका घोटाने काय होतंय. त्यांचा हात कडीवर गेला. कडी अर्धी सरकलीही. आणि मग त्यांना ती लाल शू आठवली, सात वेळची, आणि त्यांनी कडी पुन्हा घातली.

त्या माघारी आल्या आणि त्यांनी पिल्लू सुनेपुढे धरलं. "रुपाली, हे तू धर. माझ्या हाताला यश न्हाय ऱ्हायलं. माझ्या हातात हे मरंल."

रुपालीने हात पुढे केला नाही. पाच महिन्यांचं एकेक तिच्या डोक्यात जागेवर बसत गेलं: ओट्यावरून सरकवलेली ताटं, ती रीत, ते माहेर.

"म्हणून मला परभणीला पाठवताय?"

मालनबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढं पुरलं.

"मला वाटलं, मी नकोय तुम्हाला," रुपाली म्हणाली. तिचाही आवाज फाटला, पण ती परभणीची होती, लगेच सावरली. "मी नाही धरणार ते. तुम्हीच धरा."

"अगं, मरंल गं ते."

"मग वाचवा! चीक द्यायचा नाही एवढंच सांगितलंय बाईंनी. बाकीचं तुम्हाला येतंच की. तुमच्या गोठ्यात थंडीत एखादं रेडकू असं गार पडलं, तर काय करायचात?"

मालनबाईंनी डोळे पुसले. प्रश्न धंद्यातला होता, आणि धंद्यातल्या प्रश्नाला त्यांच्याकडून उत्तर आपोआप यायचं. "गारठल्या जीवाच्या तोंडात दूध घालत न्हाईत. पोटात तसंच पडून ऱ्हातं त्ये. आदी ऊब."

आणि मग त्यांना स्वतःचंच ऐकू आलं. सकाळपासून आपण त्या गार जीवाच्या तोंडात दूध ओततोय! त्यांनी पिल्लू पोलक्याच्या आत, छातीशी सरकवलं, वरून पदर गुंडाळला आणि गादीवर अंग मुडपून बसल्या. एका बोटाने त्याची पाठ चोळत राहिल्या, आई जिभेने चाटते त्या लयीत. दहा मिनिटं काही नाही. वीस मिनिटं काही नाही. पोपटरावांनी घड्याळाकडे बघून तोंड उघडलं, तर मालनबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी ते जांभईत खपवलं.

पाऊण तासाने मालनबाई एकदम "आई गं!" म्हणाल्या.

"काय झालं?"

"नख लागलं मेल्याचं," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की रुपालीला हसूच फुटलं.

या वेळी ड्रॉपर तोंडाला लावला, तर पिल्लाने तो दोन पंजांनी धरला आणि थेंबाथेंबाने अर्धं दूध संपवलं. संध्याकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "आधी ऊब द्यायची हे मी सांगायला विसरले होते, काकू. चूक माझी." मालनबाईंनी उदार मनाने त्यांना माफ केलं.

रात्र पाळ्या लावून काढली. अभयने चार गजर लावले आणि चारही वेळा मालनबाई गजराच्या आधी उठलेल्या होत्या. शुक्रवारी साडेनऊ वाजले, चौथ्याचेही चोवीस तास भरले. मालनबाईंनी पावणेदहापर्यंत थांबून, पाव तास आपल्यातर्फे घालून, दार उघडलं. चंद्रभागा सुसाट बाहेर आली, मालनबाईंच्या हातावर एक सणसणीत पंजा मारून तिने हिशेब चुकता केला आणि टोपलीत शिरून चौघांना पोटाशी घेतलं. राखाडी पिल्लाने सगळ्यांत आधी सड पकडला.

तरी भीती गेली नव्हती. आधीच्या दोन्ही खेपांची पिल्लं तिसऱ्या दिवशी गेली होती. शनिवारी सकाळी मालनबाईंनी आईच्या आधी एकेका पिल्लाला ओल्या कापसाने पुसलं आणि चार बोळे खिडकीच्या कट्ट्यावर उजेडात ओळीने मांडले. डोळ्यांना चष्मा लावून बघितलं, चष्मा काढून बघितलं. मग पोपटरावांना बोलावलं.

"कसला रंग दिसतोय?"

"काय न्हाय. पाण्यावानी हाय. जरा पिवळट."

"लाल न्हाय ना? नीट बघा."

"अगं, लाल असतं तर मला दिसलं नसतं का? मोतीबिंदू काढलाय माझा!"

मालनबाई तशाच आतल्या खोलीत गेल्या. रुपाली पलंगावर बसून बॅग भरत होती. हो-नाही काही बोलणं झालेलं नव्हतं आणि तिकीट उद्याचं होतं. मालनबाईंनी बॅगेतल्या साड्या काढून पुन्हा कपाटात ठेवल्या.

"तुझ्या आईला फोन लाव."

फोन लागला. मालनबाईंनी तो हातात घेतला आणि धायरीहून परभणीला फोनशिवायही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, पोरगी हितंच ऱ्हाणार. बाळाला पहिली आंगोळ म्या घालणार. तुमी या, पर पावण्या म्हणून या."

पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारणं चाललं होतं. मालनबाईंनी फोन रुपालीच्या हातात देऊन टाकला. जाऊन तेलाची वाटी कोमट करून आणली, पलंगाशी जमिनीवर बसल्या, आणि सुनेचे सुजलेले दोन्ही पाय उचलून मांडीवर घेतले.

"आई, अहो, पाय नका धरू!" रुपाली फोन कानाला तसाच धरून ओरडली.

"गप बस," मालनबाई म्हणाल्या. "पाच म्हैनं वाया गेल्यात." आणि त्या तेल लावू लागल्या.